मदत हवी आहे: फुटबॉल जर्सीवर नाव छापायचंय, पोरगा क्लब सोडणार की राहणार?

घाईगडबड | २७ जून २०२५, सायं. ७:४०
लगेच सांगा प्लीज. भाच्याला जर्सी द्यायची आहे, पाठीवर नाव आणि नंबर छापून. त्याला त्याचीच हवी, दुसऱ्या कुणाची चालणार नाही. पण जिकडे बघावं तिकडे बातमी, की तो क्लब सोडतोय. जुन्या क्लबची घेतली आणि आठवड्यात तो गेला तर पैसे पाण्यात. नव्या क्लबची घेतली आणि तो गेलाच नाही तर भाच्याची शाळेत टिंगल. छापलेला माल परत घेत नाहीत. ऑर्डर आज रात्री १० ला बंद होतेय. जाणार की राहणार? एका शब्दात सांगितलंत तरी चालेल.

ऑफसाईड | ७:४४
कोण जाणार? कुठून? कुठे?

शून्य_शून्य | ७:४५
राहणार.
(एका शब्दात मागितलंत म्हणून.)

घाईगडबड | ७:४९
अहो तो विंगर, कडेने धावणारा. सध्या सगळे त्याच्याबद्दलच बोलतायत ना.

डावा_पाय | ७:५६
विंगर म्हणजे यामालच असणार. मग बिनघोर घ्या. गेल्याच महिन्यात त्याने बार्साशी (बार्सिलोनाशी) २०३१ पर्यंत करार केलाय, सोडण्याचा प्रश्नच नाही. फक्त नंबर छापू नका. आत्ता १९ आहे, पण १० नंबर त्यालाच मिळणार अशी जोरदार बोलवा आहे. तो अजून १८ चासुद्धा नाही. १५ व्या वर्षी पदार्पण, १७ व्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी युरो कप हातात. त्याच्या क्षमतेवर ज्यांना अजून शंका आहे त्यांनी फ्रान्सविरुद्धचा सेमीफायनलचा गोल पुन्हा बघावा. मी तर म्हणतो की

(मोठा झाला प्रतिसाद, उरलेला खाली लिहितो.)

घाईगडबड | ७:५८
यामाल नाही!! त्याचा जोडीदार. दुसऱ्या बाजूचा.

रात्रपाळी | ८:०१
मग राफिन्या. त्यानेही मे महिन्यातच २०२८ पर्यंत वाढवलाय. घ्या बिनधास्त.

घाईगडबड | ८:०३
बार्सात नाही हो तो अजून! तिथेच तर जाणार म्हणतात. स्पेनच्या टीममधला जोडीदार. युरोच्या फायनलला गोल मारला होता. भाऊ पण खेळतो.

ऑफसाईड | ८:०५
अॅथलेटिक बिल्बाओचा निको विल्यम्स. हे नाव पहिल्या पोस्टमध्ये असतं तर पंचवीस मिनिटं वाचली असती. आता हेही सांगा: भाचा केवढा आहे? मुलांच्या जर्सीचे साईज वेगळे असतात. आणि ऑर्डर या हंगामाच्या जर्सीची की पुढच्या?

सिंहकट्टा | ८:१४
निको असेल तर मी बोलतो, कारण बार्सावाल्यांना आमचं अॅथलेटिक बिल्बाओ फक्त खरेदीच्या वेळी आठवतं.

आधी कराराची स्थिती. डिसेंबर २०२३ मध्ये त्याने २०२७ पर्यंत सही केली. त्यात रिलीज क्लॉज आहे, साधारण सहा कोटी युरोच्या आसपास. स्पेनमध्ये १९८५ च्या शाही अध्यादेशानुसार खेळाडू ठरावीक भरपाई मोजून करार मोडू शकतो. म्हणजे आमच्या क्लबची इच्छा काय, हा मुद्दाच नाही. पैसे ला लीगाकडे जमा झाले की विषय संपला. आमचा क्लब वाटाघाटीला बसत नाही, क्लॉजकडे बोट दाखवतो. हावी मार्टिनेझ २०१२ ला बायर्नला गेला ४ कोटी भरून. लापोर्त २०१८ ला मँचेस्टर सिटीला साडेसहा कोटी भरून. त्याच वर्षी केपा चेल्सीला ८ कोटी भरून. एक युरो कमी नाही, हप्ते नाहीत.

तेव्हा प्रश्न इतकाच: बार्साकडे रोख आहे का?

डावा_पाय | ८:१९
आहे. याच महिन्यात एस्पान्योलच्या जोआन गार्सियाचा क्लॉज भरून गोलकीपर आणलाय. शेजारच्या क्लबातून. म्हणजे खिशात काहीच नाही हे रडगाणं आता पुरे.

सिंहकट्टा | ८:२३
गार्सियाचा क्लॉज अडीच कोटींच्या आसपास होता. निकोचा त्याच्या दुपटीहून जास्त. आणि पैसे भरले तरी लीगच्या पगारमर्यादेत बसवून नोंदणी कोण करणार, तुम्ही? तुमच्याच ओल्मोचं काय झालं आठवतंय ना? ख्रिस्तेन्सन जखमी, म्हणून त्याच्या पगाराच्या जागेत ओल्मोला अर्ध्या हंगामापुरतं बसवलं. ३१ डिसेंबर उलटला आणि ओल्मो, पाउ विक्तोर दोघेही नोंदणीबाहेर. जानेवारीत स्पेनच्या क्रीडा मंडळाने तात्पुरती सवलत दिली म्हणून मैदानात दिसले. निकोच्या एजंटने लेखी हमी मागितल्याच्या बातम्या आहेत, त्या उगाच नाहीत. युरो जिंकलेल्या पोराने स्टँडमध्ये बसून मॅच का बघावी?

घाईगडबड | ८:२५
म्हणजे राहणार? फायनल?

ऑफसाईड | ८:२६
फायनल कुणीच सांगू शकत नाही. साईज सांगा.

शिवणटिपण | ८:३४
मी फुटबॉल बघत नाही, पण जर्सीवर छापणं हा माझा रोजचा धंदा आहे. नाव उष्णतेने चिकटवलेलं असतं. पहिल्यांदा धुताना जर्सी उलटी करा, थंड पाणी, पिळायची नाही. अक्षरांवरून थेट इस्त्री फिरवली की कडा उचलल्या जातात आणि मग भेगा पडतात. तशीच फिरवायची असेल तर मध्ये सुती कापड ठेवा. ड्रायरमध्ये तर अजिबात नाही. आणि नाव छापताना स्पेलिंग तपासा. इंग्रजीत Williams मध्ये एल दोन, शेवटी एस. एका गिऱ्हाइकाने एस विसरून पाठवलं होतं आणि भांडायला आला माझ्याशी.

रात्रपाळी | ८:३७
@शिवणटिपण, जुन्या जर्सीवरचं नाव काढून दुसरं छापता येतं का? माझ्याकडे बार्साच्या फातीची १० नंबर पडून आहे.

शिवणटिपण | ८:४१
काढता येतं, पण खाली सावली राहते. गडद कापडावर जास्त दिसते.

शून्य_शून्य | ८:४६
फातीचं नाव निघालंच आहे तर बोलतो. तरुण विंगरच्या नावाची जर्सी मुळात घ्यावीच का? फाती २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीगचा सगळ्यात लहान गोलस्कोअरर झाला, वय १७ वर्षं ४० दिवस. मेस्सी गेल्यावर १० नंबर त्याच्या पाठीवर. क्लॉज १०० कोटी युरोचा! आणि मधल्या काळात गुडघा, मग मांडी, मग ब्रायटनला उधारीवर, आणि आता पुन्हा बाहेरची वाट. क्लॉजचा आकडा खेळाडूची किंमत सांगत नाही, क्लबची भीती सांगतो.

विंगरचा सगळा खेळ पहिल्या पाच पावलांवर असतो. ती पाच पावलं गेली की बाकीचं कौशल्य उघडं पडतं.

डावा_पाय | ८:५२
फाती आणि निको यांची तुलना चुकीची आहे. निको २२ चा आहे, दोन-तीन पूर्ण हंगाम अंगावर घेतलेला. युरो २०२४ मध्ये इटलीचा उजवा बॅक दी लोरेन्झो त्याने मैदानात असेपर्यंत असा नाचवला की शेवटी बघवेना. गोल कॅलाफिओरीच्या नावावर ओन गोल म्हणून लागला, पण तो क्रॉस कुणाचा होता? फायनलला हाफटाइमनंतर दोन मिनिटांत यामालचा पास, निकोचा डावा पाय, इंग्लंड मागे. परवाच्या नेशन्स लीग सेमीफायनललाही फ्रान्सविरुद्ध पहिला गोल त्याचाच.

सिंहकट्टा | ८:५९
खेळाबद्दल दुमत नाही, तो आमचा लाडका आहे. पण डोळे उघडे ठेवून बोलू. लीगमध्ये त्याने अजून एकाही हंगामात दोन आकडी गोल केलेले नाहीत. बॉक्सच्या डाव्या कोपऱ्यातून तो समोरच्या बचावपटूला चकवतो ते सुंदरच, पण त्यानंतरचा शेवटचा निर्णय, मारायचं की द्यायचं, तिथे अजून अडखळतो. बचावपटू अंगाला चिकटला की चेंडू मागे वळवायची सवय पण आहे. म्हणूनच मला वाटतं त्याने राहावं. आमच्याकडे तो रोज खेळतो, चुका करतो, कुणी बाकावर बसवत नाही. पुढच्या हंगामात चॅम्पियन्स लीगही आहे. बार्सात राफिन्याच्या जागी? राफिन्याने या हंगामात काय धुमाकूळ घातलाय बघितलंत ना?

डावा_पाय | ९:०३
म्हणजे मोठ्या क्लबात स्पर्धा असते म्हणून जाऊ नये? छान.

सिंहकट्टा | ९:०५
"मोठा क्लब" म्हणताना जरा जपून. ला लीगातून कधीच खाली न गेलेले तीनच क्लब आहेत. दोन तुम्हाला माहीत आहेत, तिसरा आमचा. तोही फक्त बास्क प्रदेशात जन्मलेल्या किंवा तिथे घडलेल्या खेळाडूंवर.

रात्रपाळी | ९:०८
घानाच्या आईबापांची ही विल्यम्स पोरं बास्क कशी झाली मग?

सिंहकट्टा | ९:१५
वरचं "किंवा" वाचलं असतंत तर विचारलं नसतंत. आईवडील सहारा पायी ओलांडून आले. मोठा भाऊ इनाकी बिल्बाओत जन्मला, निको पाम्प्लोनात. दोघेही नियमात बसतात. इनाकी घानाकडून खेळतो, निको स्पेनकडून. आणि इनाकीने २०१९ मध्ये थेट २०२८ पर्यंतचा करार केला होता, नऊ वर्षांचा. हा घरचा पायंडा विसरू नका. मी त्यावरच भरवसा ठेवून आहे.

ऑफसाईड | ९:२१
सगळे थांबा जरा. धागाकर्त्यांना जर्सी हवी आहे, व्याख्यान नाही.

घाईगडबड, साधा विचार करा. बार्साची जर्सी आज छापणार म्हणजे कोणत्या नंबरची? त्याने सही केलेली नाही, नंबर मिळालेला नाही. बिल्बाओत त्याचा १० आहे, पण बार्साच्या १० वर यामालचा डोळा आहे असं वर लिहिलंच आहे. म्हणजे तो गेला तरी तुमची आजची जर्सी बहुतेक चुकीचीच असणार. बार्सा बाद.

उरल्या दोन. बिल्बाओची १०, किंवा स्पेनची १७. तो उद्या बार्साला गेला, बायर्नला गेला किंवा तिथेच राहिला, स्पेनची लाल जर्सी तशीच चालते. युरो त्याच नंबरने जिंकलाय.

शून्य_शून्य | ९:२४
देशाच्या टीममध्येही नंबर बदलतात.

ऑफसाईड | ९:२५
बदलले तरी युरोचा १७ खोटा ठरत नाही. तुम्ही झोपा.

डावा_पाय | ९:२८
बिनानावाची बार्सा जर्सी घ्या, महिन्याभरात नाव छापून आणा. मी सांगतो, येतोय तो.

घाईगडबड | ९:३६
स्पेन १७ टाकली. धन्यवाद ऑफसाईड. बाकीच्यांनाही.

ऑफसाईड | ९:३७
साईज?

सिंहकट्टा | ४ जुलै २०२५, दु. ३:१०
धागा वर आणतोय. क्लबने अधिकृत जाहीर केलं: निको विल्यम्स, २०३५ पर्यंत. रिलीज क्लॉज आधीच्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त वाढवलाय. डावा_पाय कुठे आहेत?

डावा_पाय | ३:४२
इथेच आहे. दहा वर्षांचा करार हा निव्वळ देखावा आहे. फिफाचा नियम कमाल पाच वर्षांचा आहे, हे तरी माहीत आहे का? कोर्टात टिकणार नाही.

ऑफसाईड | ३:५५
नियम पूर्ण वाचा. पाच वर्षं ही सर्वसाधारण मर्यादा. त्या देशाचा कायदा परवानगी देत असेल तर जास्तही चालतं. सक्त बंधन १८ खालच्यांना आहे, त्यांना तीन वर्षं. म्हणूनच तर यामालला १८ होण्याच्या तोंडावर नवा लांब करार दिला. इंग्लंडमध्ये चेल्सीने २०२३ मध्ये मुद्रिकला साडेआठ वर्षं दिली, सिटीच्या हालांडने या जानेवारीत २०३४ पर्यंत सही केली. कुणी कोर्टात गेलं नाही.

शून्य_शून्य | ४:०२
चेल्सीचा हेतू वेगळा होता. खरेदीची रक्कम कराराच्या वर्षांत वाटायची आणि दरवर्षीचा तोटा कमी दाखवायचा. युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) ती पळवाट पाच वर्षांवर आणून बंद केली. निको लेझामात, म्हणजे बिल्बाओच्याच अकादमीत वाढलेला, त्याच्यावर वाटायला खरेदीची रक्कमच नाही. म्हणजे इथे २०३५ हा हिशेबाचा आकडा नाही.

सिंहकट्टा | ४:०९
नाहीच. ल्योरेन्ते २०१३ ला युव्हेंटसला फुकट गेला, इनिगो मार्टिनेझ २०२३ ला बार्साला फुकट गेला. करार संपू दिला की हातात काही राहत नाही, हे आम्ही सोसलंय. आता तो फुकट जाऊ शकत नाही, आणि स्वस्तातही नाही.

डावा_पाय | ४:१५
म्हणजे जाऊ शकतो. नऊ कोटी-साडेनऊ कोटी भरले की झालं. दोन वर्षांनी बोलू.

सिंहकट्टा | ४:१७
बोलू की. नोंदणी झाली तर.

रात्रपाळी | ४:३०
एक प्रश्न. रियाल माद्रिदच्या व्हिनिसियसचा करार २०२७ ला संपतोय ना, तो सौदीला जाणार का? मला त्याची जर्सी

ऑफसाईड | ४:३१
वेगळा धागा काढा. आणि पहिल्याच ओळीत साईज लिहा.