राजीनामे दोन होते, लागू झाला एकच

‘बहुमत नव्हतंच, मग उद्धव ठाकरेंनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला तेच शोभून दिसलं’, असं काही जण म्हणतात. शोभून दिसलं, मान्य. २९ जून २०२२ ला रात्री त्यांचं फेसबुकवरचं राजीनाम्याचं बोलणं ऐकून मुंबईत बरेच जण हळहळले. पण किंमत फार मोठी पडली. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेश चुकीचा ठरवला, तरी सरकार परत आणता आलं नाही, कारण मुख्यमंत्री चाचणीला सामोरे न जाता स्वतःहून पायउतार झाले होते. अरुणाचलमध्ये २०१६ ला न्यायालयाने जुनं सरकार परत बसवलंच होतं की!

आणि एक गोष्ट राहूनच जाते. त्याच भाषणात विधान परिषदेची आमदारकीही सोडतोय, असं ते म्हणाले होते. मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा राज्यपालांकडे जातो. आमदारकीचा मात्र सहीनिशी लेखी सभापतींकडे द्यावा लागतो आणि त्यांनी स्वीकारल्याशिवाय जागा रिकामी होत नाही, राज्यघटनेचं कलम १९० तसंच सांगतं. नुसत्या घोषणेने काही होत नाही. म्हणून ते त्यानंतरही परिषदेचे सदस्य राहिले.