रात्री खुराड्यात कोण शिरतंय? दार बंद, जाळी शाबूत तरी कोंबड्या मेल्या

लांज्याचा_बाबू: नमस्कार मंडळी, आमच्या परसात दहाबारा गावठी कोंबड्या आहेत, मागे काजूची बाग नि पुढे सरळ रान. खुराडं चिऱ्याचं, वर पत्रा, पुढच्या बाजूला ती सहाकोनी चिकन जाळी. परवा सकाळी आई दाणे घालायला गेली तर तीन मेलेल्या, दोघींची मुंडकीच गायब नि धडं तिथेच जाळीला टेकून पडलेली, कडी लावलेली तशीच. बाबा म्हणतात मुंगूस, शेजारचे काका म्हणतात फासा लावूया. मी मुंबईला असतो, शनिवार-रविवार येतो, तर एकदाच काय ते पक्कं काम करायचंय. काय करू?

चिपळूणची_ताई: मुंगूस नाही रे, मुंगूस दिवसाउजेडी फिरतो, रात्री नाही. हे कांडेचोर (झाडावर चढणारं, मांजरासारखं रात्रीचं जनावर) नाहीतर रानमांजर. कोंबडीला अंधारात धड दिसत नाही, बाहेर कायतरी खसफसलं की घाबरून फडफडत जाळीलाच येऊन आदळते, मग ते बाहेरूनच पंजा घालतं नि हाताला लागेल ते ओढतं. म्हणून मुंडकं गेलं नि धड आत राहिलं. चिकन जाळी काढूनच टाक, हाताने वाकते ती. अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली कडक जाळी, घे आणि खिळे नको मारू, स्क्रू नि वॉशर लाव. बसायची दांडी जाळीपासून दीड-दोन फूट आत सरकव, हे तर फुकटातलं काम आहे.

जुन्नरकर: ताईंशी सहमत. पण पत्रा नि भिंतीमधली फट बघितली का? पत्र्याच्या नळ्यांखाली मूठभर जागा राहतेच, कांडेचोर झाडावरून पत्र्यावर उतरतो नि तिथून आत, तीही जाळीने बुजवा. खालून कोल्हा, कुत्री नि घूस उकरतात, पावसात माती मऊ झाली की जास्तच. भिंतीच्या कडेने दीड फूट जाळी जमिनीवर आडवी पसरून वर दगडमाती टाका, जनावर भिंतीलगतच उकरायला जातं नि जाळी लागते. रात्रभर लाइट, रेडिओ हे चार दिवस चालतं मग त्यांना सवय होते, पैसे घालवू नका. आमच्याकडे बिबट्या आहे त्याचं गणितच वेगळं, त्याला जाळीबिळी काही नाही, पक्की भिंत नि लोखंडी दारच लागतं.

राजापुरी_माणूस: फाशाचं काकांना नको म्हणून सांग. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे, फासा लावला किंवा विष घातलं तर गुन्हा होतो, शिवाय फाशात गावातलीच मांजरं नि कुत्री अडकतात ते वेगळंच. जनावर आतच अडकलं असेल तर १९२६ ला फोन कर, वनखात्याची हेल्पलाइन आहे. दुसरं म्हणजे रात्री दाणे आत सोडू नका, दाण्याला उंदीर येतो नि उंदरामागे नाग नाहीतर धामण. अंडी गायब, टरफलही नाही, असं झालं तर सापच समजायचा. अंडी संध्याकाळीच उचलायची.

लांज्याचा_बाबू: थँक्यू सगळ्यांना. फट आहे खरी, दोन बोटं नाही चांगला हात जातो. वेल्डमेशला रविवार उजाडणार, तोवर पुढून फळी ठोकून सगळं बंद करून ठेवलं तर चालेल का? आणि उरलेल्या कोंबड्या अजून बिथरलेल्याच आहेत, अंड्यांचं नावच नाही.

चिपळूणची_ताई: पूर्ण बंद नको करू. विष्ठेचा वास कोंडतो, डोळे झोंबतात त्यांचे, आणि या उकाड्यात तर गुदमरूनच मरतील. फळी खालच्या अर्ध्याला लाव, वर हवा राहू दे. पण तोवर तिथे ठेवूच नकोस, ते जनावर आज-उद्या परत येणार, एकदा चव लागली की सोडत नाही. आईला सांग, रात्री पडवीत डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, झाकायच्या नि वर पाटा ठेवून त्यावर चिऱ्याचा दगड ठेवायचा. एका डालग्यात चार-पाचच, कोंबडे वेगळे. अंड्यांचं घाबरू नको, पंधराएक दिवसांत येतील लायनीवर.