पाळी चालू असली तरी धोका असतो
पाळी चालू असेपर्यंत बाईला हार्ट अटॅकची भीती नाही, असं कुणीकुणी म्हणतं. हे अर्धंच खरं आहे. इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं थोडं संरक्षण असतं, पण मधुमेह किंवा सिगारेट असेल तर ते फारसं उरत नाही. गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली असेल तर पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. बाळंतपणाची ती फाइल मात्र माळ्यावर जाते, हृदयाच्या डॉक्टरांना कुणी सांगतच नाही. कृपया सांगा.

आणि अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या मोकळ्या दिसल्या म्हणून बाईचं छातीतलं दुखणं मनाचं ठरवू नका! बारीक रक्तवाहिन्यांचा आजार तिथे दिसत नाही, आणि तो बायकांमध्ये जास्त आढळतो. छातीत दुखून सोबत धाप, मळमळ, जबड्यात कळ असेल तर ओवा-सोडा देत बसू नका, लगेच ईसीजी काढून घ्या.