‘द घोस्ट गोज वेस्ट’ (१९३५): चिमटा नक्की कोणाला?

पडदापाहू: दिग्दर्शक रने क्लेअरच्या या सिनेमाला ‘अमेरिकनांची टिंगल’ म्हणून मोकळं होतात, ते पटत नाही. कर्जबाजारी स्कॉटिश डोनाल्ड ग्लूरी आपला किल्ला अमेरिकन किराणासम्राट जो मार्टिनला विकतो. दगड सुटे होऊन फ्लोरिडाला निघतात, सोबत पूर्वज मर्डॉकचं भूत. पण मार्टिन मंडळी जेवायला येतात तेव्हा नोकर बनून कोण राबतं? उधारी थकलेले लोकच! किल्ला विकला तरच त्यांचे पैसे सुटणार. याहून बोचरी थट्टा कुठली?

गढीवाला: थट्टा आहे, पण डोनाल्ड अलगद सुटतो. रॉबर्ट डोनाटला दुहेरी भूमिका देण्यात हीच मेख आहे. भित्रेपणा, बायकांमागे लागणं, बारुदाच्या पिंपाआड मरणं, सगळं मर्डॉकच्या नावावर. डोनाल्डच्या वाट्याला नुसता गोडवा. फ्लोरिडात किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा घागरा) घातलेला बँड वाजतो तेव्हा हसं मात्र मार्टिनचंच. आणि डोनाल्ड बुडाला कशाने? १९१९ मध्ये वारसाकर ४० टक्क्यांवर गेला होता, त्यावर अवाक्षर नाही.

तिरकस: ४० टक्के हा २० लाख पौंडांवरच्या इस्टेटीचा दर. डोनाल्डकडे वाण्याला द्यायला पैसे नाहीत, त्याला तो कसा लागेल? १८७० नंतर स्वस्त अमेरिकन गहू आला, ब्रिटनमध्ये धान्याचे भाव पडले, मागोमाग जमिनीचा खंडही. अशा घराण्याचा किल्ला अमेरिकन किराणावालाच घेतो, यातली खोच मला तरी अपघाती वाटत नाही.

चुनखडी: खोच मान्य, पण किल्ला जसाच्या तसा उभा राहतो ती थाप. इंग्लंडमधल्या लँकशायरचा अ‍ॅजक्रॉफ्ट हॉल हा वाडा १९२५-२६ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडला गेला, कारण तो ओकच्या चौकटीचा. खुंट्या काढायच्या, तुळयांना खुणा करायच्या, खोक्यांत भरायचं. दगडी भिंतीचं तसं नाही. चुना फोडताना कोपरे उडतात. आतला भराव कोणी नेत नाही, म्हणून भिंतीची जाडी बदलते. पावसाने झिजलेला तोंडवळा आत गेला की जोड विजोड दिसतो. वॉरविक प्रायरी या इंग्लंडमधल्या जुन्या मठाचे दगड त्याच सुमारास रिचमंडला गेले, पण तिथे उभं राहिलं ते नव्या आराखड्याचं घर.

गढीवाला: म्हणजे मार्टिनला नुसती खडी मिळाली असती! माझंच म्हणणं झालं की हे.

पडदापाहू: मार्टिनला खडी, तर डोनाल्डला काय? शेवटी ग्लूरींच्या वैरी मॅक्लॅगन घराण्याच्या वंशजाकडून ‘एक ग्लूरी पन्नास मॅक्लॅगनांना भारी’ हे कबूल करून घ्यायलाही भूतच लागतं. जिवंत वारसाच्या हातून तेवढंही होत नाही.