विषय: शिमग्याला कुत्र्यासह छोट्या विमानातून चिपीला

नमस्कार मंडळी,

यंदा शिमग्याला परुळ्याच्या घरी जायचं ठरलंय आणि आमचा लॅब्रेडोर बंड्याही बरोबर येणार आहे. मुंबईपर्यंतचं विमान, त्याचे परवाने, सगळं मार्गी लागलं. तिथून सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळापर्यंत चुलतदीर छोटं चार्टर विमान बघतायत. सेस्ना कॅरॅव्हॅन मिळेल, नाहीतर पिलाटस पीसी-१२. बंड्या फटाक्यांनाही थरथरतो. त्याच्या कानांना त्रास होईल का? कापूस घातला तर भागेल? आबा, तुम्ही अमेरिकेत कुत्र्याला शेजारी बसवून विमान चालवायचात, म्हणून मुद्दाम तुम्हाला विचारते.

– माईंची धाकटी सून, न्यू जर्सी

*

सूनबाई,

कापूस अजिबात नको. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. बोळा त्या वळणात अडकला की डॉक्टरांकडेच धावावं लागतं. आणि कापसाने आवाज फारसा अडतही नाही.

छोट्या पिस्टन विमानात ८५ ते १०० डेसिबल आवाज सहज असतो. माणसांसाठी ‘निऑश’ची, म्हणजे कामगारांच्या आरोग्यासाठीच्या अमेरिकन सरकारी संस्थेची, शिफारस ८५ डेसिबलला दिवसाला जास्तीत जास्त ८ तासांची आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९७ डेसिबलला जेमतेम अर्धा तास. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. त्याबाबतीत कुत्रा आणि माणूस सारखेच. कॅरॅव्हॅनचं इंजिन टर्बाइनचं, तरी त्यातही वैमानिक हेडसेट लावूनच बसतो. शिवाय आपल्याला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, कुत्र्याला साधारण ४५ पर्यंत येतं. टर्बाइनच्या शिट्टीतलं त्याला काय काय ऐकू येत असेल, ते आपल्या कानांना कळणारच नाही. स्वतः हेडसेट चढवायचा आणि शेजारच्या मुक्या जिवाचे कान उघडे ठेवायचे, हे मला पाहवत नाही.

कुत्र्यांसाठी वेगळे इअरमफ मिळतात, अमेरिकेत ‘मट मफ्स’ पुष्कळजण वापरतात. डोक्याचं माप घेऊन आत्ताच मागवा. मफ कानाभोवती घट्ट बसला नाही तर फटीतून आवाज आत येतो. सवय घरात, शांततेत लावायची. आधी नुसता हुंगू द्या, मग क्षणभर चढवून खाऊ द्या, मग मफ घालूनच जेवण. निवांत बसायला लागला की शेजारी व्हॅक्यूम क्लीनर सुरू करा. याला काही आठवडे लागतात. विमानाच्या दारात पहिल्यांदा मफ चढवला तर तो पंजाने ओढून काढणारच.

निवड हातात असेल तर पीसी-१२ घ्या. त्याच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला असतो, कॅरॅव्हॅनमध्ये नसतो. कॅरॅव्हॅनच मिळालं तर आठ हजार फुटांच्या खाली राहता येईल का आणि मिनिटाला पाचशे फुटांपेक्षा जोरात उतरू नये, हे वैमानिकाशी आधी बोलून घ्या. दडे बसतात ते उतरतानाच. त्या वेळी थोडं थोडं चाटायला दिलं की गिळताना कान मोकळे होतात. पीनट बटर चालेल, पण त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) नाही ना, ते डबा वाचून बघा. कुत्र्याला ते विष आहे.

– आबा, वेंगुर्ला

*

आबांचं सगळं बरोबर. डॉक्टर म्हणून एवढंच जोडते.

निघण्याआधी कान तपासून घ्या. लॅब्रेडोरचे कान पडलेले, त्यात पोहायची हौस, आणि ओल राहिली की आत बुरशी धरते. कान सुजलेला असेल तर दाब बदलताना फार दुखतं. अशा वेळी गाडीनेच यावं.

झोपेचं औषध कोणी सुचवलं तरी देऊ नका. अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशनसुद्धा विमानप्रवासात ते नको म्हणते, कारण श्वास आणि रक्तदाबावर परिणाम होतो, तोलही सांभाळता येत नाही. निघण्यापूर्वी काही तास भरपेट जेवण नको. पाणी मात्र द्या.

– डॉक्टरवहिनी, सावंतवाडी

*

आबा, वहिनी, खूप आभार. मफ आजच मागवते. बसवायचं कुठे? तो माझ्या पायाशी झोपतो, तसाच झोपू दे का?

– धाकटी सून

*

मोकळा अजिबात नाही. शिमग्याच्या सुमारास दुपारी सडा, म्हणजे कातळाचं पठार, तापतो आणि चिपीवर उतरताना विमान चांगलंच हिसके खातं. तीस किलोचा कुत्रा आसनावरून उडाला तर त्यालाही लागेल आणि तुम्हालाही. वैमानिकाच्या पायांत घुसला तर सगळ्यांचाच जीव धोक्यात. छातीवरचा हार्नेस घाला आणि आखूड पट्ट्याने आसनाच्या बेल्टला किंवा जमिनीवरच्या कडीला अडकवा. गळपट्ट्याला कधीच बांधू नका, झटका मानेला बसतो. दाराची वाट मोकळी राहील अशी जागा बघा. आणि बंड्याचं खरं वजन आधी कळवा, विमानाचा तोल मांडताना ते धरावं लागतं.

उतरताना पंखा पूर्ण थांबेपर्यंत दार उघडू द्यायचं नाही. फिरणारा पंखा दिसत नाही, आणि कंटाळलेला कुत्रा मोकळं दिसलं की सुसाट सुटतो. पट्टा आतच हाताला गुंडाळून मग खाली उतरा. मफ त्यानंतर काढा.

जमलं तर सकाळी लवकरची वेळ मागून घ्या. हवा शांत असते आणि पायाखालचं डांबरही तापलेलं नसतं.

– आबा