थ्रॉटलला कुठला सर्व्हो लावू? ४६ साइजचं ग्लो इंजिन, पहिल्यांदाच

पंखवेडा:
नमस्कार मंडळी. आजवर रिमोटची, फोमची इलेक्ट्रिक विमानंच उडवलीत, तिथे ईएससीची (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटची) वायर रिसीव्हरला जोडली की थ्रॉटलचा विषय संपला. आता बाल्सा लाकडाचं हाय विंग ट्रेनर (पंख वर असलेलं शिकाऊ विमान) बांधतोय, त्यावर ४६ साइजचं (०.४६ घन इंच) टू स्ट्रोक ग्लो इंजिन बसणार आहे आणि कार्बची (कार्ब्युरेटरची) आर्म फिरवायला वेगळा सर्व्हो, म्हणजे रिसीव्हरच्या हुकमावर आर्म फिरवणारी छोटी मोटर, लागणार. माझ्याकडे तीन प्रकारचे पडलेत. एक फोमच्या विमानातला ९ ग्रॅमचा मायक्रो, एक साधा स्टँडर्ड साइजचा प्लॅस्टिक गिअरवाला, साधारण ३ किलो-सेंमी ताकदीचा, आणि एक डिजिटल मेटल गिअर, त्यावर १२ किलो-सेंमी लिहिलंय. इंजिन १२-१३ हजार आरपीएमला फिरणार म्हटल्यावर मला वाटतंय की सगळ्यात ताकदवान तोच लावावा, म्हणजे अडकायची भीती नाही. बरोबर विचार करतोय का? आणि थ्रॉटलला स्पीड किती लागतो? पंख-शेपटीच्या हलत्या भागांचे बाकी चार सर्व्हो (दोन एलेरॉन, एलेव्हेटर, रडर) सगळे तसलेच साधे स्टँडर्ड आहेत.

बाल्साधूळ:
साधा स्टँडर्ड लावा दादा. इंजिन कितीही जोरात फिरू दे, तो जोर कार्बच्या बॅरलवर (हवेची वाट उघडझाप करणाऱ्या नळकांड्यावर) येत नाही. एलेव्हेटरवर हवेचा दाब येतो म्हणून तिथे ताकद लागते, थ्रॉटलला फक्त एक छोटासा नळकांडा गोल फिरवायचाय. पुशरॉड (सर्व्हो आणि कार्बला जोडणारी काडी) काढून कार्बची आर्म बोटाने हलवून बघा, नुसत्या टोकाने ढकललं तरी फिरली पाहिजे. फुटाबाचा एस३००३ घ्या उदाहरणाला, ४.८ व्होल्टला ३.२ किलो-सेंमी आणि ६० अंशाला ०.२३ सेकंद, असल्या सर्व्होवर लोकांनी वर्षानुवर्षं थ्रॉटल चालवलंय. स्पीडचं म्हणाल तर स्टिक वर ढकलल्यावर इंजिनालाच आरपीएम गाठायला सर्व्होपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे ट्रेनरला फास्ट सर्व्होने काही फरक पडत नाही.

१२ किलोवाला मात्र इथे नकोच. लिंकेज कुठे अडकलं तर साधा सर्व्हो निदान घुंघुं करून सांगतो तरी, हा कार्बची आर्म वाकवेल नाहीतर बॅरल अडवणारा स्क्रू खराब करेल, आणि तुम्हाला कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

मायक्रो चालतो, २५ साइजच्या इंजिनापर्यंत मी लावलेत. पण ४६ ला कंपनं जास्त, आतले गिअर बारीक, आणि तुमच्या सर्व्हो ट्रेला स्टँडर्डचीच भोकं असणार, उगाच पट्ट्या लावून बसवत बसू नका.

हळूउतरा:
वरच्या उत्तराशी सहमत, पण कुठला सर्व्हो यापेक्षा तो कसा जोडता हे थ्रॉटलला जास्त महत्त्वाचं आहे, त्यावर जरा सविस्तर लिहितो.

थ्रॉटलचं खरं काम म्हणजे आयडल, इंजिन बंद न पडता सगळ्यात हळू चालवणं. फुल थ्रॉटलला बॅरल दोन अंश इकडेतिकडे झाली तर कुणाला कळतही नाही, पण आयडलला फट मिलिमीटरभराचीच असते, तिथे सर्व्हो दर वेळी त्याच जागी परत आला नाही तर एकदा इंजिन २५०० ला छान गुरगुरेल आणि पुढच्या वेळी लँडिंगला स्टिक खाली घेतली की बंद पडेल, तेही नेमकं विमान लांब असताना. म्हणून मी सर्व्होत ताकद बघतच नाही, तो सेंटरला आणि टोकाला नेमका परत येतो का तेवढं बघतो. सर्व्होची आर्म बोटाने हलवून प्ले (ढिलेपणा) बघा. जुना, थरथरणारा सर्व्हो "थ्रॉटलला काय, चालतंय" म्हणून तिथे ढकलायची सवय बऱ्याच जणांना आहे, ती मला अजिबात पटत नाही.

आता जॉमेट्री. सगळे लोक सर्व्होच्या आर्मचं शेवटचं भोक वापरतात आणि मग रेडिओत ट्रॅव्हल (सर्व्होने किती फिरायचं ते) ५० टक्क्यांवर आणतात. असं केलं की सर्व्हो अर्धाच फिरतो. समजा सर्व्होचा डेडबँड (सिग्नल इतका बदलेपर्यंत तो हलतच नाही) ८ मायक्रोसेकंद आहे आणि पूर्ण ट्रॅव्हल ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे थ्रॉटलला शंभर पायऱ्या मिळतात, ट्रॅव्हल अर्ध केलं की पन्नासच, आणि गिअरचा प्ले कार्बवर दुप्पट दिसतो. त्यापेक्षा मोजून आर्म निवडा. कार्बच्या आर्मचं भोक सेंटरपासून १२ मिमी असेल आणि बॅरल पूर्ण बंद ते पूर्ण उघडी ७० अंश फिरत असेल तर पुशरॉडला साधारण १४ मिमी सरकावं लागतं. सर्व्हो दोन्ही बाजूंना ४० अंश फिरतो धरलं तर त्याला आर्म ११ मिमीची हवी. जवळचं भोक घ्या, ट्रॅव्हल ९० ते ११० टक्क्यांत बसलं की झालं. अर्ध्या स्टिकला दोन्ही आर्म पुशरॉडशी काटकोनात ठेवायच्या, तिथूनच सुरुवात करा.

आणि फुटाबाचा रेडिओ असेल तर थ्रॉटल बाकीच्या कंपन्यांच्या उलट चालतं, पहिल्यांदा स्टिक खाली असताना बॅरल उघडी दिसली तर दचकू नका, रिव्हर्स करा.

पंखवेडा:
खूप आभार दोघांचेही. काल स्टँडर्ड बसवून बघितला. आर्मचं बाहेरचंच भोक घेतलं होतं मी, तुम्ही सांगितलेली चूकच अगदी. स्टिक पूर्ण खाली आणि ट्रिमही (स्टिकजवळचं बारीक फरक करायचं बटण) खाली नेलं की सर्व्हो बारीक घुंऽऽ असा आवाज करत राहतो, थांबतच नाही. स्टिक एक-दोन टिचक्या वर घेतली की शांत. बॅरल तर पूर्ण बंद दिसतेय. हे चालेल का? इंजिन तसंही बंदच असणार ना त्या वेळी.

हळूउतरा:
नाही चालणार. बॅरल बंद झालीय पण सर्व्होला अजून पुढे जायचंय, म्हणून तो ढकलत बसलाय. अशा वेळी तो नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट खेचतो, तोही रिसीव्हरच्याच बॅटरीतून. ग्लोच्या विमानात तीच एक छोटी बॅटरी सगळे सर्व्हो चालवते, ती बसली की एलेव्हेटर पण गेलं. इंजिन हवेत बंद पडलं आणि तुम्ही स्टिक खालीच धरून ग्लाइड करत आलात, तर नेमकं तेव्हाच हे चालू राहील. आतलं भोक घ्या, मग ईपीए (रेडिओतली त्या टोकाची ट्रॅव्हल मर्यादा) कमी करत आवाज पूर्ण थांबेपर्यंत या. वरच्या टोकालाही तसंच. स्टिक खाली अन् ट्रिम वर म्हणजे आयडल, ट्रिम खाली किंवा थ्रॉटल कटचं बटण म्हणजे बॅरल पूर्ण बंद, एवढं जमलं पाहिजे.

पेट्रोलवाला२०सीसी:
मी पेट्रोल इंजिनं उडवतो, दोन गोष्टी माझ्याकडून. मेटल गिअर म्हणजे टिकाऊ हा समज थ्रॉटलला खरा ठरत नाही. क्रॅश झाला तर मेटलचे दात वाचतात हे बरोबर, पण थ्रॉटल सर्व्हो दिवसभर कंपनं खातो, त्यात मेटलचे दात एकमेकांवर घासून प्ले वाढत जातो, चांगलं नायलॉन तिथे जास्त दिवस घट्ट राहतं. माझा एक मेटल गिअर एका सीझनमध्ये इतका ढिला झाला की आयडल रोज वेगळी. सर्व्हो बसवताना स्क्रूच्या भोकात रबरी ग्रोमेट (कंपनं शोषणारी बुचं) आणि त्यात पितळी आयलेट (छोट्या नळ्या) दोन्ही लावाच, आयलेटची चपटी कड लाकडाच्या बाजूला, आणि स्क्रू रबर चेपेल इतका आवळू नका, नाहीतर रबर असून नसल्यासारखं.

दुसरं, पुढे कधी पेट्रोलकडे वळलात तर थ्रॉटलचा पुशरॉड धातूचा सलग नको, इग्निशनचा नॉइज त्यावरून थेट सर्व्होपर्यंत येतो. मधे नायलॉन किंवा निदान प्लॅस्टिकचा बॉल लिंक ठेवायचा. ग्लोला स्पार्क नाही, पण धातूवर धातू खडखडणारी क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाची चिमट्यासारखी कडी) तिथेही नको, कार्बच्या बाजूला नायलॉनचीच लावा.

मायक्रोबद्दल मात्र बाल्साधूळ यांच्यापेक्षा माझं मत वेगळं आहे, २० ग्रॅमच्या आसपासचे चांगले मिनी सर्व्हो ४६ लाही मस्त चालतात, वजन वाचतं. ९ ग्रॅमवाला नको हे मान्य.

बाल्साधूळ:
२० ग्रॅमवाल्यांचं खरंय, मी ९ ग्रॅमचंच म्हणत होतो. अजून एक राहिलं, नायलॉनच्या नळीतला नायलॉन रॉड असेल तर तो उन्हात लांबतो, सकाळी सेट केलेली आयडल दुपारी सरकते. ट्रेनरमध्ये टँकच्या बाजूने बराच लांब रॉड जातो, तिथे बारीक स्टीलची केबल नळीतून घ्या, आणि नळी मधे दोन ठिकाणी चिकटवा नाहीतर तीच वाकत बसते.

आणि फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर सर्व्होंनी कुठे जायचं ते! काही रिसीव्हर सिग्नल गेला की शेवटची पोझिशन तशीच धरून ठेवतात, ती फुल थ्रॉटल असली तर विमान तसंच सुटेल. फेलसेफमध्ये थ्रॉटल आयडलला सेट करा, मग इंजिन बंद ठेवून स्टिक वर न्या, ट्रान्समीटर बंद करा आणि बॅरल स्वतःच्या डोळ्यांनी बघा. हे तपासल्याशिवाय पहिलं फ्लाइट करू नका, मनापासून सांगतो.

पंखवेडा:
केलं सगळं. आतून दुसरं भोक घेतलं, ट्रॅव्हल खाली ९६ आणि वर १०२ वर बसलं, घुंघुं पूर्ण बंद. स्टीलची केबल टाकली, नळी फायरवॉलला (इंजिनमागच्या फळीला) आणि मधल्या फॉर्मरला (आडव्या चौकटीला) चिकटवली. फेलसेफला ट्रान्समीटर बंद केल्यावर बॅरल आपोआप आयडलला आली, तीनदा करून बघितलं. आयलेट मी उलटे लावले होते, तेही काढून परत बसवले. १२ किलोवाला डब्यात परत. रविवारी इंजिनचं ब्रेक-इन (नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवणं) आहे, आयडल कशी धरतेय ते इथेच लिहीन.