मदत हवी आहे: समुद्री शेवाळाचे नमुने सांगलीत आल्यावर बिघडतात

कृष्णाकाठ:
मंडळी, कॉलेजच्या बॉटनी विभागासाठी कोकणातलं समुद्री शेवाळ हर्बेरियम शीटवर (वाळवलेले नमुने जपायच्या कागदावर) लावायचंय. ट्रेमध्ये नळाच्या पाण्यात पसरलं की लाल शेवाळाचा रंग उतरतो, वाळताना वरचा पेपर चिकटतो, सरगॅसमला (हे तपकिरी शेवाळ) बुरशी येते. काय चुकतंय?

माणदेशी:
आधी नळाचं पाणी बंद करा. गोड्या पाण्यात पेशी फुगून फुटतात आणि लाल शेवाळातलं फायकोएरिथ्रिन हे लाल रंगद्रव्य पाण्यात विरघळतं. लिटरला 35 ग्रॅम खडे मीठ घातलं की भागतं.

ट्रेत दोन बोटं पाणी, तळाशी जाड ड्रॉइंग पेपर, त्यावर शेवाळ. मऊ ब्रशने फांद्या सुट्या करा आणि कागद एका कडेने तिरका, अगदी सावकाश उचला. घाई केली की सगळं कोपऱ्यात गोळा होतं. वर जुन्या सुती साडीचा तुकडा, मग टिपकागद, मग प्रेस (नमुने दाबून वाळवायच्या फळ्या). शेवाळाचा चीक रद्दीला घट्ट धरतो, सुती कापड मात्र वाळल्यावर अलगद निघतं. ओलं असताना ओढू नका.

पहिले दोन दिवस टिपकागद सकाळ-संध्याकाळ बदला. सरगॅसमच्या जाड दांड्यात नि हवेच्या फुग्यांत ओल राहते, बुरशी तिथूनच. दांडा ब्लेडने उभा चिरा. पडायना या पंख्यासारख्या शेवाळावर चुन्याचा थर असतो, ते आपोआप चिकटणार नाही, डिंक लावा.

खडकपाणी:
प्रवासात पाण्याने भरलेली बाटली नको, गाडीच्या उष्णतेत शेवाळ कुजतं. समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या पेपरात गुंडाळून आइसबॉक्समध्ये ठेवा, बर्फ थेट लागू देऊ नका. खरं तर कोकणातल्या मुक्कामीच प्रेस केलेलं उत्तम.

नमुना किती खोल पाण्यातला, ते लेबलवर लिहाच. पाण्यात लाल प्रकाश आधी शोषला जातो, त्यामुळे डायव्हरला खाली लाल शेवाळ काळपट दिसतं. टॉर्च मारून मगच रंग नोंदवा. आणि नमुने मालवणचे असतील तर तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काही उपटू नका, फोटो काढा.

कृष्णाकाठ:
आभारी आहे. एका नमुन्याला वाळूत आडवं खोड, मुळं आणि जोडीने लंबगोल पानं आहेत. हे कुठलं शेवाळ?

माणदेशी:
शेवाळ नव्हे, समुद्री गवत, बहुधा हॅलोफिला. पान उजेडात धरा. मधली शीर दिसली तर ही सपुष्प वनस्पती, वेगळ्या फोल्डरात लावा.